आमची पेटी आणि शिकागोचं ग्रंथालय



आमचं गाव आता पाण्याखाली आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठाला होतं, गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेलं. पुनर्वसनात प्लॉट मिळाला, घर झालं, वस्ती विखुरली. कोणी पवनीला, कोणी भंडाऱ्याला, बरेच नागपूरला. पण आज धरणावर लिहायला बसलेलो नाही. त्या हलवाहलवीत मी केलेल्या एका चुकीवर आणि तिच्यावरून डोक्यात सुरू झालेल्या एका वादावर लिहितो आहे.

घर रिकामं करताना माळ्यावर आबाजींची पत्र्याची पेटी होती. आबाजी म्हणजे माझे आजोबा. चौथीपर्यंत शिकलेले, विड्या वळायचे, समता सैनिक दलात होते. पेटीत 'जनता'चे अंक होते, 'प्रबुद्ध भारत'चे होते, जलशाच्या गाण्यांची हाताने लिहिलेली वही होती, १९५४ च्या निवडणुकीची पत्रकं होती. वाळवी लागलेली, पावसाने कडा काळ्या पडलेल्या. ट्रॅक्टर एका दिवसासाठी मिळाला होता. मी पेटीतले कागद काढून भंगारवाल्याला घातले आणि पेटी तेवढी ठेवली, पत्रा चांगला होता म्हणून. अठ्ठावीस किलो भरले. पाच रुपये किलो. एकशे चाळीस रुपये आले.

मी तेव्हा बी.ए. झालेला होतो. १४ एप्रिलला भाषणं करत होतो. बाबासाहेबांचं पुस्तकप्रेम हा माझा हातखंडा विषय होता.

संध्याकाळी आजीला कळलं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "वही ठेवलास का गा?"

"कोणती वही?"

"वर्गनीची. छप्पनच्या सालची."

तशी एक वही पेटीत होती हे मला माहीतच नव्हतं. धम्मदीक्षेला नागपूरला जायचं म्हणून वस्तीने वर्गणी केली होती. कोणी चार आणे दिले, कोणी आठ आणे, पैसा नव्हता त्यांनी तांदूळ दिले. ते सगळं आबाजींनी त्या वहीत मांडून ठेवलं होतं. सकाळी मी भंगारवाल्याकडे गेलो. माल नागपूरला रवाना झाला होता.

ही गोष्ट मी कुठल्या भाषणात सांगितली नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक पोरगा सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर शिकागोला गेला. एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, हे बघा," म्हणाला आणि मोबाईल धरून दोन रॅकच्या मधून चालायला लागला. मराठी पुस्तकं. रॅक संपेना. कथा, कविता, संतसाहित्य, सहकारावरची पुस्तकं, जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेले कवितासंग्रह, स्मरणिका. शिकागो विद्यापीठाचं रेगेन्स्टाइन ग्रंथालय. पोरगा म्हणाला, "दादा, इतकी मराठी पुस्तकं मी एका जागी भंडाऱ्यात कधी पाहिली नाही." मला आनंद व्हायला पाहिजे होता. झोप लागली नाही.

मग शोधत गेलो की ही पुस्तकं तिथे गेली कशी. जे सापडलं ते प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घ्यावं असं आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९५४ साली अमेरिकेने एक कायदा केला. सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०, म्हणजेच आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातला पी.एल. ४८०. अमेरिकेत गहू उदंड पिकला होता, भाव पडत होते. तो गहू ज्या देशांकडे डॉलर नाहीत त्यांना त्यांच्याच चलनात विकायचा. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. रेशनवर तो गहू आला, साठच्या दशकात बोटीमागून बोटी आल्या. भारताने किंमत रुपयांत चुकती केली आणि ते रुपये भारतातच अमेरिकन सरकारच्या खात्यात साचत गेले. ते बाहेर नेता येत नव्हते, इथेच खर्च करावे लागत. मग १९५८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली: या पैशातून त्या त्या देशातली पुस्तकं घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना देता येतील. १९६२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत उघडलं. हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी, ज्या भाषेत जे छापलं जाईल त्यातलं निवडून एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती घ्यायच्या, खोक्यात भरायच्या आणि योजनेत सामील झालेल्या विद्यापीठांना पाठवायच्या. काय घेतलं त्याची भाषावार यादी दरमहा छापायची. शिकागो त्या विद्यापीठांपैकी एक. पुढे रुपयांचा साठा आटला तेव्हा विद्यापीठांनी स्वतःचे पैसे घातले, पण खरेदी थांबवली नाही.

थोडक्यात, आमच्या आबाजींनी रेशनच्या रांगेत उभं राहून जो गहू विकत घेतला, त्याच्या पैशातून शिकागोची मराठी कपाटं भरली. खुद्द आबाजींच्या घरची पुस्तकं मात्र मी पाच रुपये किलोने विकली.

तारखा बघा. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा, म्हणजे दिल्लीतलं ते कार्यालय उघडल्यानंतर वर्षभराने आलेला. 'गोलपिठा' १९७२, 'बलुतं' १९७८. दलित साहित्य जन्माला येत होतं नेमक्या त्याच वर्षांत सातासमुद्रापार मराठी पुस्तकांची पद्धतशीर खरेदी चालू होती. आणि आमच्या जिल्ह्यात? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. वाचनालयं निघाली, नाही असं नाही. पण त्यांच्या समितीवर कोण बसलं, यादी कोणी केली, आणि दिवाळी अंक व कादंबऱ्यांपलीकडे आपलं काय तिथे आलं, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावं. मी एका मोठ्या ग्रंथालयात 'जनता'च्या फायली विचारल्या होत्या. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "राजकीय पक्षाचं साहित्य आम्ही ठेवत नाही." बाजूच्या कपाटात टिळकांच्या 'केसरी'तल्या लेखांचे खंड होते. ते बहुधा पाककृतींचे असावेत.

याच १९५४ सालात आणखी दोन गोष्टी घडल्या. भारत सरकारने पुस्तक प्रदान कायदा केला: देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायची. मुंबईही त्यात आहे. आणि त्याच वर्षी बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून, राखीव जागेवर. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना पाडलं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ज्या माणसाने संविधानाचा मसुदा तयार केला त्याला पाडणारा जिल्हा म्हणून आपण ओळखले जातो, आणि त्या निवडणुकीत आपल्या लोकांनी काय सोसलं, सायकलींवर कोण फिरलं, सभेला कंदील कोणी आणले, हे सांगणारी पत्रकं कुठल्याही कायद्यात बसत नव्हती. पत्रकाला किंमत नसते, प्रकाशक नसतो. ते पुस्तक नव्हे. म्हणून ते कलकत्त्याला गेलं नाही, शिकागोलाही गेलं नाही. ते आमच्या माळ्यावर होतं.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, अमेरिकेने आपलं ज्ञान लुटून नेलं. मला हे पटत नाही. त्यांनी छापील किंमत देऊन पुस्तक घेतलं, त्याला क्रमांक दिला, कपाटात ठेवलं. आपल्याला कोणी अडवलं होतं? दुसरे मित्र म्हणतात, बरं झालं, निदान तिकडे सुरक्षित तरी आहे. तेही पटत नाही. पवनीच्या पोराला स्वतःच्या आजाचा इतिहास वाचायला व्हिसा काढावा लागत असेल तर त्या सुरक्षिततेचं आपण काय करायचं? नेटवर पाहायला मिळतं तेवढं मिळतं. मोल्सवर्थचा मराठी कोश शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुला ठेवला आहे, मी तो आठवड्यातून दोनदा तरी उघडतो. पण कोश वेगळा आणि स्मरणिकांची कपाटं वेगळी.

आणखी एक गोष्ट, जी जास्त महत्त्वाची आहे. शिकागोच्या त्या दक्षिण आशियाई संग्रहाची धुरा मॉरीन पॅटरसन या बाईंनी वाहिली. मोठ्या अभ्यासक, दक्षिण आशियावरच्या पुस्तकांची त्यांची जाडजूड सूची १९८१ मध्ये आली. त्यांचा स्वतःचा अभ्यास कशावर, तर महाराष्ट्रातल्या चित्पावन ब्राह्मणांवर. १९६८ मध्ये त्यांचा एक निबंध छापून आला, त्याचा आधार होता चित्पावन कुळांनी छापलेले कुलवृत्तांत. एकेका आडनावाचं एकेक जाड पुस्तक: मूळ पुरुष कोण, शाखा किती, कोण कुठल्या गावी गेला, कोण वकील झाला, कोण मामलेदार. बाईंना यात दोष देता येत नाही. त्यांच्यासमोर छापील पुस्तक आलं, त्यांनी वापरलं. प्रश्न असा आहे की ज्या समाजाने आपली पिढ्यान्‌पिढ्यांची नावं छापून ठेवली त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास झाला, आणि आमच्या वस्तीची नावं एका वर्गणीच्या वहीत होती. जे कपाटात गेलं त्याचा इतिहास झाला. माळ्यावर राहिलं ते भंगारात गेलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तेव्हा छापखाने कुठे होते? होते. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये नागपुरात स्वतःचा छापखाना काढला होता. 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रं त्यांनी चालवली. 'मूकनायक' निघण्याच्या दहा वर्षं आधीपासून आमच्या विदर्भात आमचा माणूस खिळे जुळवत होता. त्या पत्रांचे अंक हातात घेऊन वाचलेला एक तरुण मला दाखवा. नाव पाठ असलेले शंभर मिळतील.

बाबासाहेबांना हे पुरतं कळलेलं होतं. कोलंबियात असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवल्याचं चरित्रकार सांगतात. पुढे १९१७ मध्ये लंडनहून परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवलं आणि ती बोट महायुद्धात पाणबुडीने बुडवली. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले. पुस्तकं पाण्यात जाण्याचं दुःख त्यांना माहीत होतं. तरी ते थांबले नाहीत. दादरला राजगृह बांधलं ते माणसांइतकंच पुस्तकांसाठी. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, आणि कॉलेजच्या ग्रंथालयाकडे स्वतःचं लक्ष. शां. शं. रेगे तिथले ग्रंथपाल. बाबासाहेबांनी हाताळलेली, पेन्सिलीने खुणा केलेली पुस्तकं तिथे आहेत. जॉन ड्यूई हे त्यांचे कोलंबियातले गुरू. ड्यूईंच्या पुस्तकांवर बाबासाहेबांनी कुठे रेघ मारली आणि कुठे मारली नाही, यावरून त्यांचा विचार कसा घडला हे स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन अभ्यासकाने २०२३ च्या पुस्तकात उलगडून दाखवलं. ते पुस्तक छापलं शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने. पुन्हा शिकागो! रेघा आमच्या बापाच्या, ग्रंथालय मुंबईचं, वाचणारा टेक्ससचा. वाईट काही नाही. पण मुंबईला दरवर्षी ६ डिसेंबरला लाखोंनी जाणाऱ्या आपल्यापैकी त्या रेघा वाचायला किती जण गेले?

(जाता जाता: ग्रंथालयांत पुस्तकांना जे दशांश क्रमांक असतात ती पद्धत ड्यूईचीच, पण हा ड्यूई वेगळा, मेल्विल. तोही कोलंबियात ग्रंथपाल होता, बाबासाहेबांच्या कितीतरी आधी. त्याच्या पद्धतीत बौद्ध धम्माला २९४.३ आणि हिंदू धर्माला २९४.५, दोघे एकाच भारतीय धर्मांच्या खोलीत. वंशवादी आणि स्त्रियांशी गैरवागणुकीबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या या माणसाचं नाव अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून काढून टाकलं. तिथे 'अनटचेबल्स' हा विषयमथळाही बदलून 'दलित्स' झाला. क्रमांक देणारा तटस्थ असतो असं कोणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा.)

आणि बाबासाहेब गेल्यावर त्यांच्याच कागदांचं काय झालं? दिल्लीत अलीपूर रोडच्या घरातले कागद १९६७ मध्ये घर रिकामं करून घेताना अंगणात टाकले गेले, वरून पाऊस आला. उरलेल्या पेट्या कोर्टकचेरीत अडकल्या. महाराष्ट्र सरकारने प्रकाशन समिती नेमली ती १९७६ मध्ये, आणि कामाला जीव आला तो आमच्या नागपूरच्या वस्तीतला माणूस तिथे बसल्यावर. वसंत मून. महसूल खात्यातला अधिकारी, विद्यार्थी असल्यापासून कात्रणं जमवणारा. १९७९ मध्ये पहिला खंड आला. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' एकत्र छापून १९९० मध्ये आले. आज ज्या खंडांतली वाक्यं आपण स्टेटसला ठेवतो, ती एका माणसाने रद्दी न म्हणता कागद सांभाळला म्हणून मिळाली. आणि त्याच खंडांची ९ लाख प्रतींची छपाई रखडली, कागद गोदामात पडून राहिला, हे वर्तमानपत्रात आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारवर विसंबून राहायचं नाही, हे यावरून कळतंच. पण सरकारला शिव्या घालून माझी अठ्ठावीस किलो रद्दी परत येत नाही, हेही मला कळतं.

पवनीत जगन्नाथ टेकडी आहे. आम्ही लहानपणी तिथे खेळायचो, खाली काय आहे ते माहीत नव्हतं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी. स्तूप निघाला, मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली, साधे उपासक, उपासिका. अहवाल विद्यापीठाने १९७२ मध्ये छापला. मी तो वाचला तेव्हा आबाजींची वही पहिल्यांदा नीट समजली. चार आणे कोणी दिले हे लिहून ठेवायची सवय आबाजींनी कुठून आणली होती, कोण जाणे. तो अहवालही पवनीत कोणाच्या घरी सहज मिळत नाही.

आता आम्ही सहा-सात जण मिळून एक काम करतो आहोत. मोठं काही नाही. विहाराच्या खोलीत एक लोखंडी कपाट, एक दाखलवही, मोबाईलवर स्कॅन. गावोगाव जाऊन विचारतो: जुने अंक आहेत का, जलशाची वही आहे का, लग्नपत्रिका, स्मरणिका, विहाराच्या जमाखर्चाची वही, दीक्षाभूमीवर घेतलेल्या पातळ पुस्तिका. मूळ कागद मागत नाही. फोटो काढतो आणि ज्याचं त्याला परत करतो, सांगतो की माळ्यावरून खाली आणा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कापडात बांधा. काही लोक हसतात. अड्याळकडे एका मावशीने दारातूनच परतवलं, "आधी एक जन असाच घेऊन गेला, मंग आलाच नाही." बरोबर बोलली. संशोधक म्हणून आलेल्या आणि वही घेऊन गेलेल्या माणसांची एक वेगळी यादी होईल आपल्या समाजात. म्हणून आम्ही नेत नाही.

दाखलवहीत पहिली नोंद आमच्या घरची आहे. आजी जाण्याच्या आदल्या वर्षी मी तिच्याजवळ बसून छप्पनच्या वर्गणीची नावं लिहून घेतली. तीन दुपारी लागल्या. ती नाव सांगायची, मग घर कुठे होतं ते सांगायची, नदीकडून तिसरं, चिंचेच्या बाजूचं, जे आता सगळं पाण्यात आहे. एकतीस नावं झाली. नोंदीपुढे मी असं लिहिलं आहे: "तोंडी यादी. मूळ वही नष्ट." कोणी नष्ट केली तेही लिहिलं आहे.

चार नावांपुढे रक्कम नाही. आजीला आठवली नाही. आणि ज्या घराने पैशाऐवजी दोन पायली तांदूळ दिले त्या घरातल्या बाईचं नाव तिला येत नव्हतं, सगळे तिला कारूची माय म्हणायचे. कारूच्या घरचं कोणी पवनीत, भंडाऱ्यात, नागपुरात कुठेही असेल आणि त्या माउलीचं नाव सांगू शकत असेल, तर जागा रिकामी ठेवली आहे.